पिलूतला दुसरा गंधार

झूटरमेर, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार आधी, आणि लगेच चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कॅरिस पेंडलच्या गाण्याचं ध्रुवपद आणि दादांची पिलू रागातली चीज स्वरन् स्वर एक आहे. ते खरं नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी खाली येताना आपण शुद्ध गंधार लावतो, ती कोमल लावते. काल हेडफोन लावून सतरा वेळा ऐकलं. मागच्या वेळी मी ऐकून लिहिलंच नव्हतं. ओळ ओळखीची वाटली, आणि मी तू शिकवलेले स्वर सरळ कागदावर उतरवले. तुला चार वर्षांपासून ऐकू येत नाही, तुझा सगळा भरवसा माझ्या लिहिण्यावर, म्हणून मला जास्त लाज वाटली. बाकीचे स्वर पुन्हा तपासले आहेत, ते बरोबर आहेत.

ही बाई कोण, हे तू विचारलंस. उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली. वडील गाडीतून मासे विकायचे. लग्नाच्या बँडमध्ये गात गात वर आली, गाणी स्वतः लिहिते. पहिली तबकडी १९८९ची. दोन गाणी गाजली, मग इतके कार्यक्रम लागले की १९९५च्या ऑक्टोबरात रॉटरडॅमला भर कार्यक्रमात तिचा आवाज बसला. लोक पैसे परत न मागता उभे राहिले, म्हणून इथल्या डच लोकांना ती आपली वाटते. त्यानंतर पाच महिने ती कुठे होती ते कुणालाच माहीत नाही. मार्चमध्ये परत आली ती 'सॉल्ट ऑन द सिल' हे गाणं घेऊन. इथल्या सुपरमार्केटात ते अजून वाजतं. मी दूध घेताना शंभरदा ऐकलं असेल, पण ढोलाच्या गदारोळात कधी ओळखलं नाही. आता तिच्या घरून आलेल्या खोक्यात त्याची कच्ची प्रत मिळाली, नुसता आवाज. ती ऐकली आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

आमची संस्था तिच्या छत्तीस वर्षांच्या कारकिर्दीवर फोरबर्गला प्रदर्शन करते आहे. ती आता एकसष्ट वर्षांची आहे आणि हा तिचा शेवटचा दौरा. प्रत्येक पाटीवरची माहिती तपासून खाली सही करायची, हे माझं काम. या गाण्याच्या पाटीवर लिहिलंय की चाल तिला समुद्र ओलांडताना बोटीवर सुचली. पण १९९८च्या मुलाखतीत ती म्हणते आजीनं म्हटलेली होती, आणि २००७मध्ये म्हणते स्वप्नात आली. एका चालीचे तीन जन्म. खरं बोलणारा माणूस इतक्या वेळा वेगळं सांगत नाही.

म्हणून सरळ विचारते. तू किंवा तुझ्या वडिलांनी, दादांनी, या बाईला कधी शिकवलं होतं का?

तुझी
ऋजुता


सातारा, २१ ऑगस्ट २०२५

चि. ऋजुता,

आशीर्वाद. पत्र मिळालं. आपल्या गाण्याच्या शिष्यांतली शलाका या पत्राचा फोटो काढून फोनवरून पाठवते आहे. बसली आहे समोर, तिला क्लासला जायचंय, म्हणून थोडक्यात.

चूक कळवलीस हे बरं केलंस. चूक सापडली की तुझा चेहरा कसा होतो ते मला इथून दिसतं. लहानपणी पाटीवर 'ख' उलटा काढलास तर जेवायची नाहीस. अजून तशीच आहेस. जेवत जा.

मी कुठल्याही इंग्रज बाईला शिकवलेलं नाही. दादांनीही नाही. पिलू ही काही आपली खाजगी विहीर नाही, एकसारख्या ओळी जगात होतात. तिचा गंधार कोमल आहे असं तू म्हणतेस, मग चीज वेगळीच झाली. विषय संपला.

पाटीवर सही करून टाक आणि पुढच्या पाटीकडे जा. नोकरी परदेशातली आहे, परवान्यावरची आहे, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नकोस.

तो कोमल आहे याची मात्र खात्री आहे ना? तेवढं कळव.

मंजूषाआत्या


झूटरमेर, २ सप्टेंबर २०२५

आत्या,

कोमलच आहे. खात्री आहे.

आणि तू मला खोटं लिहिलंस, याचीही आता खात्री आहे. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. तू मला अक्षरं शिकवलीस, शाळेत नाव घालायच्या आधी अख्खं वर्ष तूच माझी शाळा होतीस. खोटं दिसलं की बोट ठेवायचं, हेही तूच शिकवलंस.

दुसऱ्या खोक्यात एक कॅसेट निघाली. लेबलवर फक्त '९६, जानेवारी'. आमच्याकडच्या तंत्रज्ञानं ती संगणकावर घेतली आणि मी ऐकायला बसले. आधी तंबोरा. मग एक बाई खोकते. मग तुझा आवाज, आत्या. तरुण, भरलेला, पण तुझाच. पाठोपाठ पाटावर बोटातल्या अंगठीचा ठोका, जो चुकल्यावर माझ्यासाठीही वाजायचा. आणि तुझं इंग्रजी! "व्हाय सो फास्ट? यू आर कॅचिंग बस?" ती हसते. तू म्हणतेस, "डोन्ट लाफ. ब्रीद." मग तू ओळ म्हणतेस, कोमल गंधाराची, आणि ती तुझ्या मागून म्हणते. अकरा वेळा चुकते, बाराव्यांदा लागतो. तेव्हा अंगठी वाजत नाही.

शेवटी ती काहीतरी विचारते, नीट ऐकू येत नाही. तू म्हणतेस, "नो. माय नेम, नो." आणि कॅसेट संपते. म्हणजे तू परवानगी नाकारलीस, आणि तरीही तिनं ती चाल स्वतःच्या नावावर छापली.

मी बाबांना फोन केला. तुझं नाव न घेता विचारलं की दादा बाहेरच्यांना कसं शिकवायचे. बाबा हसायलाच लागले. "अगं, दादांची ट्रिक होती ती! बाहेरच्याला चीज देताना एक स्वर बदलून द्यायचे. शेजारणीला लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस गाळावा, तसं. पिलूत दोन्ही गंधार चालतात, त्यामुळे घेणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही." मी विचारलं, घरचा कुठला? तर म्हणाले, "आपला म्हणजे तू गातेस तोच की! मला काय विचारतेस, मी तर तिसऱ्या वर्षी तंबोरा सोडून क्रिकेटला पळालो."

आता सगळं जुळतं. शुद्ध घरचा, कोमल बाहेरच्यांसाठी. तू तिला बाहेरचा गंधार दिलास आणि तोच गंधार तिला पकडून देतो आहे. जिथे जिथे तो कोमल लागेल, तिथे तिथे ती चीज आपल्या घरातून गेली असं समजायचं. दादांनी खूणच करून ठेवली होती.

मी त्या पाटीवर सही करणार नाही. तिथे दादांचं नाव, नीळकंठबुवांचं, हवं. तू हो म्हण. फक्त एक ओळ लिही, की ही चीज तू तिला शिकवलीस. बाकीचं मी बघते.

ऋजुता


सातारा, ६ सप्टेंबर २०२५

ऋजुता,

तुझं पत्र शलाकाच्या फोनवर मी एकटीनं वाचून पुसलं, आणि हे पत्र तिच्याकडे दिलेलं नाही. स्वतः टपालात जाऊन रजिस्टर्ड टाकते आहे. तुला मिळायला दोन आठवडे तरी लागतील. गणपती बोळवून घर रिकामं झालंय, म्हणून लिहायला धीर आला.

मागचं पत्र खोटं होतं. शलाका समोर बसून वाचत होती, हे एक कारण. ते नसतं तरी मी खोटंच लिहिलं असतं, हेही लिहून ठेवते.

तू सगळं बरोबर शोधलंस आणि निष्कर्ष उलटा काढलास. घरचा गंधार कोमल आहे. शुद्ध बाहेरच्यांचा. तू गातेस तो बाहेरचा.

जरा थांब, पाणी पी, मग पुढचं वाच.

दादांनी घरचा गंधार फक्त तुझ्या बाबांना दिला. शिरीषला. त्याला काही पडलेली नव्हती, दोन वर्षं गायला आणि विसरला. मला शुद्ध शिकवला. मी आठ वर्षांची होते. का ते कुणी सांगितलं नाही. पुढे एकदा पाहुण्यांशी बोलताना ऐकलं. म्हणाले, पोरीबाळी लग्न होऊन जातात, गाणं दुसऱ्या घरी नेतात. माझं लग्न झालं नाही, तरी मला तो स्वर कधी मिळाला नाही. मी तो स्वयंपाकघरातून ऐकला. शिरीषला शिकवायचे तेव्हा मी पोळ्या लाटत असायची. दोन महिन्यांत पाठ केला, पण मनातल्या मनात. तेवीस वर्षं तो कधी तोंडातून काढला नाही.

१९९५च्या नोव्हेंबरात दादा पुण्याला शिरीषकडे गेले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होती, एकामागून एक, चार महिने तिकडेच राहिले. घरात मी एकटी, बत्तीस वर्षांची. त्याच आठवड्यात ही बाई आली. पुण्याच्या एका डॉक्टरनं पाठवली होती, श्वास शिकायला. आवाज असा, की दाराची बिजागरी बोलतेय. मी म्हटलं, गाणं शिकवत नाही, सा लावायला शिकवीन. सहा आठवडे तिनं नुसता सा लावला. कुरकुर नाही, घाई पुष्कळ. वरणभात आवडायचा, आमटीला मात्र रडायची. तिकडे ती एवढी नावाजलेली आहे हे मला माहीतच नव्हतं, तिनंही सांगितलं नाही. मी समजले, शाळामास्तरीण असेल.

जानेवारीत आवाज उघडला. त्या दिवशी मी तिला ती चीज दिली, आणि घरचा गंधार दिला. का, हे गेली तीस वर्षं स्वतःला विचारते आहे. वाटतं ते एवढंच, की तो स्वर मला एकदा तरी मोठ्यानं लावायचा होता, आणि नुसत्या भिंतींना ऐकवायचा नव्हता.

तिनं विचारलं, हे मी कुठे गायले तर चालेल का, तुमचं नाव सांगते. मी म्हटलं, गा, खुशाल गा, तुझं म्हणून गा. पण माझं नाव नको, घराचं नको, गावाचं नको. दादांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना एका क्षणात कळलं असतं की मी चोरून ऐकलं. कॅसेटवर तू ऐकलंस ते हेच. मी परवानगी नाकारली नाही. नाव नाकारलं. तिनं शपथ घेतली. आजी काय, बोट काय, स्वप्न काय, ती माझ्यासाठी खोटं बोलते आहे. तिचा संशय घेऊ नकोस.

आता तुझं. तू पाच वर्षांची होतीस आणि दादा बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचे. तुला कोमल शिकवला असता तर तू तो त्यांच्यासमोर गायली असतीस. म्हणून शुद्ध दिला. ते गेले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, आणि बारा वर्षं तुला बाहेरच्यांचं शिकवलं हे सांगायची माझी छाती झाली नाही. आता कानच गेले. दुरुस्त करायला बसले तरी तू बरोबर लावलास का ते मला कळणार नाही.

माझं नाव कुठेही घालू नकोस. ही माझी आज्ञा समज.

आत्या


झूटरमेर, १५ सप्टेंबर २०२५

आत्या,

तेरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. त्याचा अर्थ मी मला समजेल तसा लावला.

गेल्या बुधवारी मी हेनरिकेला सगळं सांगितलं. हेनरिके म्हणजे आमची प्रमुख, जे वाटतं ते तोंडावर बोलणारी. तिनं विचारलं, "तुझ्या कानावर तुझा किती टक्के विश्वास?" मी म्हटलं, शंभर. तिनं डोळे बारीक केले, कारण मी कधी कशालाच शंभर म्हणत नाही. मग तिनं पेंडलच्या लोकांना ईमेल केली, की या गाण्याच्या मालकीबद्दल आमच्या एका संशोधकाला गंभीर शंका आहे.

दोन दिवसांत उत्तर आलं. कॅसेट प्रदर्शनातून काढून घ्यावी, मूळ प्रत ताबडतोब परत करावी, तिच्यावर काहीही लिहू नये. कारण दिलेलं नाही. आता तूच सांग, लपवायला काही नसेल तर कोण असं करतं? हेनरिकेचाही माझ्यावर विश्वास बसला आहे. ती म्हणते, प्रदर्शनात चौकट टाकू, 'या गाण्यावर चोरीचा आक्षेप आहे'. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

तुझी एक ओळ मला पुरली असती.

ऋजुता


सातारा, १७ सप्टेंबर २०२५

ऋजुता, रजिस्टर्ड पत्र टाकलं आहे, सहा तारखेचं. ते हातात पडेपर्यंत काही लिहू नकोस, काही बोलू नकोस, कुठली चौकट टाकू देऊ नकोस. फोन शलाकाचा, पण फोटो मी स्वतः काढते आहे; ती विचारते आहे काय झालं. तिला सांगितलं, तुझं तिकडे लग्नाचं चाललंय.

आत्या


झूटरमेर, २४ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

पत्र परवा मिळालं. शेजारच्या डच आजींनी घेऊन ठेवलं होतं. पहिल्यांदा मी भाची म्हणून वाचलं आणि काही दिसेनासं झालं. रात्री तपासनीस म्हणून वाचलं. आमच्या कामात एकाच साक्षीदाराचं म्हणणं खरं धरत नाहीत, आणि तू मला एकदा खोटं लिहून चुकली आहेस, म्हणून तुझ्यावरही संशय घेतला. राग मानू नकोस.

जुळवून पाहिलं. रॉटरडॅम ऑक्टोबरचं, तुझा नोव्हेंबर, कॅसेटवरचा जानेवारी. तिच्या मार्चनंतरच्या गाण्यांत ती शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते आणि ओळीच्या मध्ये श्वास घेत नाही. त्याआधीच्या एकाही गाण्यात असं नाही. तीस वर्षं समीक्षक लिहितात की अपयशानं तिला परिपक्व केलं. सहा आठवड्यांच्या 'सा'नं केलं. तुझं म्हणणं खरं आहे.

तिनं कॅसेट मागे घेतली ती लपवण्यासाठी नाही, तुला झाकण्यासाठी. मी तिला चोर म्हटलं, आणि तेही माझ्या शंभर टक्के कानाच्या भरवशावर, ज्या कानाला तो स्वर कधी मिळालाच नव्हता. काल सकाळी हेनरिकेकडे जाऊन सांगितलं की मी चुकले, चौकट रद्द करा. ती म्हणाली, "कशावरून?" मी म्हटलं, ते सांगायला मला अजून परवानगी नाही. तिनं चौकटीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ऋजुता, माझ्याकडे आता तुझं एक 'नक्की' आणि एक 'नक्की नाही' आहे. मजकूर छापायला जायच्या आत यातलं एक मला दे." बरोबर आहे तिचं. चूक माझी होती आणि पाटी तिची आहे.

आता तुझी आज्ञा. ती मी दहा वेळा वाचली. त्यात एक गोष्ट जुळत नाही. दादा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या कानावर जाण्याची भीती आता उरलेली नाही. मग कुणाची आहे? मला वाटतं, शलाकाची. आणि दर डिसेंबरला दादांच्या पुण्यतिथीला ओळीत बसून ती चीज गाणाऱ्या तुझ्या त्या एक्केचाळीस शिष्यांची. आम्हाला सगळ्यांना तू शुद्धच दिलास. दादा असेपर्यंत मी समजू शकते. ते गेल्यानंतर जे आले, त्यांना का, आत्या? शलाका तर सहाच वर्षांपूर्वी आली. तुला तो स्वर मिळाला नाही म्हणून तू पोळ्या लाटताना चोरलास, आणि मग स्वतःच्या शिष्यांना दाराबाहेर बसवलंस. आत फक्त एक परदेशी बाई घेतलीस, कारण ती परत जाणार होती.

हे तुला लागेल, माहीत आहे. तरी खोडणार नाही.

त्यांना तूच सांगायचं. शलाकाला पहिलं. मी सांगणार नाही, बाबांनाही नाही. माझं कसलंही लग्न चाललेलं नाही, हेही तिला सांग.

तुझ्या परवानगीशिवाय तुझं नाव मी लिहिणार नाही. पण बोटीच्या पाटीवरही सही करणार नाही. तेव्हा एकच माणूस उरतो. माझ्या आक्षेपामुळे कॅरिस पेंडल स्वतः फोरबर्गला येते आहे, सगळ्या पाट्या वाचायला. तिनं मागणी केली आहे की आक्षेप घेणाऱ्या मुलीशी एकटीनं बोलायचंय, वकील नको, हेनरिके नको. हेनरिकेनं मला विचारलं, घाबरलीस का? मी हो म्हटलं.

तिची आधी माफी मागेन. मग सांगेन की मी मंजूषाची भाची आहे, सातारच्या घरातली. ज्यांच्यापासून लपवण्यासाठी ती शपथ होती ते आता नाहीत, हेही सांगेन. ती मोडायची की पाळायची हे तिचं तिनं ठरवावं. तिनं नाव सांगितलं तर ते तिच्या तोंडचं म्हणून पाटीवर जाईल, आणि तू मला हवं ते बोल. नाही सांगितलं तर पाटीवर एवढंच जाईल की ही चाल कुठून आली ते गायिका सांगत नाही. ते खरं आहे, त्याच्याखाली मी सही करीन.

त्याआधी तिच्याकडे एक मागणार आहे. दार लावून घेऊन ती ओळ माझ्याकडून म्हणवून घे, असं. अकरा वेळा चुकले तर अकरा वेळा. घरचा गंधार मला जिच्याकडून मिळू शकतो अशी या घडीला जगात ती एकच आहे, कारण तू ऐकू शकत नाहीस आणि बाबा विसरले.

हे पत्रही मी रजिस्टर्डच टाकते आहे, शलाकाच्या फोनवर नाही. तुला मिळेपर्यंत कदाचित होऊन गेलेलं असेल, म्हणून दिवस आणि वेळ लिहून ठेवते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५, सकाळी अकरा वाजता.

ऋजुता